मॉरिसचा आतला रंग

सोमपाल वीरक्कोडींना फक्त तळहाताएवढा एक डाग झाकायचा होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे पाच महिने अख्ख्या वल्गम वस्तीत असं बोललं जात होतं की निवृत्त झाल्यावर माणसाला उद्योग लागतो, पण इतका लागू नये.

डाग होता त्यांच्या शाळेतल्या बाई, मिस व्हॅनडॉर्ट, यांच्या जुन्या मॉरिस मायनरमध्ये, डॅशबोर्डवर, डाव्या कप्प्याच्या झाकणाजवळ. मिसनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, त्यांनी चावी वीरक्कोडींच्या हातात ठेवली होती आणि "हिला कोरडी ठेव" एवढंच सांगितलं होतं. बेटाच्या दक्षिण टोकावरचं मातारा गाव समुद्राला इतकं चिकटून आहे की तिथे मीठसुद्धा कोरडं राहत नाही, पण वीरक्कोडींनी शब्द दिला आणि वर्षानुवर्षं गाडीवर ताडपत्री घालून पाळलाही. पाटबंधारे खात्यातून मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ताडपत्री काढली. इंजिन नीट झालं. गंज कापला, पत्रे बसवले, बाहेरून काळा रंग दिला. काळा हा सज्जन रंग आहे. दुकानदाराला काळा म्हणावं, तो काळा देतो, कोणाचं काही म्हणणं नसतं.

मग ऑगस्टमध्ये मिसनी बातमी दिली. त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी. इथे मागेपुढे कोणी नाही. मेलबर्नची भाची त्यांना कायमची घेऊन जाणार होती, जानेवारीत.

"जायच्या आधीच्या रविवारी मला पप्पांच्या गाडीतून चर्चला जायचंय," मिस म्हणाल्या. "आणि सोमपाल, ती आतून पप्पांनी आणली तशी दिसली पाहिजे. मधल्या काळात कोणीतरी तिच्यात स्वयंपाकघराचा रंग फासलाय."

तो कोणीतरी म्हणजे वीरक्कोडींचाच मेहुणा होता. खिडक्यांना लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट त्याने मोठ्या प्रेमाने डॅशबोर्डला लावला होता. वीरक्कोडींनी मेहुण्याचं नाव घेतलं नाही. मिससमोर ते चौसष्टाव्या वर्षीही दहा वर्षांचेच असत.

घरी येऊन त्यांनी डागाजवळचा पांढरा रंग नखाने खरवडला. खाली हिरवा निघाला. हिरव्याखाली पिवळा. आरेखकाचा स्वभाव असा की काम सुरू केलं की कागद आधी कोरा करायचा. शनिवारी सकाळी त्यांनी रंग उतरवायचं औषध आणलं, आणि दुपारपर्यंत डॅशबोर्ड, दोन्ही कप्प्यांची झाकणं आणि चारही खिडक्यांच्या चौकटी घासून लख्ख केल्या. सगळा पत्रा ताटासारखा चमकायला लागला. ते हात पुसत उभे राहून स्वतःच्या कामाकडे पाहत होते, तेव्हा कुंपणापलीकडून तंबय्या आले.

तंबय्या सरकारी इस्पितळात औषधं देणारे म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं.

"छान. आता मूळ रंग कोणता होता ते कशावरून कळणार?"

वीरक्कोडींनी पायाशी पडलेल्या चिंध्या उलटसुलट केल्या; त्यांत सगळे रंग एक होऊन गेले होते.

"नमुना राखून ठेवला असेल ना थोडा?" तंबय्यांनी विचारलं. "आम्ही तर रक्तसुद्धा सगळं एकदम वापरत नाही."

"मिसना आठवतोय रंग," वीरक्कोडी ताठ होत म्हणाले. "जिवंत साक्षीदार असताना नमुना कशाला?"

आणि इथूनच खरी गोष्ट सुरू झाली.

साक्षीदाराची साक्ष काढायची, तर तिच्यापुढे पुरावा ठेवायला हवा. त्यासाठी गाठले नियास नानांना. नाना नुपेच्या रस्त्यावर चाळीस वर्षं गाड्या रंगवतात. त्यांनी एक मऊसा करडा रंग कालवला, दूधपावडरच्या डब्याच्या झाकणावर फवारला आणि वाळवून दिला. वीरक्कोडी झाकण रुमालात गुंडाळून मिसकडे गेले. मिसनी ते नाकाजवळ धरलं.

"फार पिवळा आहे. निळं घाल."

नानांनी निळं घातलं.

"बरा आहे. पण अजून पिवळाच. निळं घाल."

तिसऱ्या झाकणाला नानांनी भुवया वर केल्या. चौथ्याला हात कमरेवर ठेवले. "साहेब, यात पिवळा औषधालाही नाही. माझ्या डोळ्यांना काही झालंय का?"

"नाना, त्या बत्तीस वर्षं मुलांची गणितं तपासत होत्या. त्यांची चूक होत नाही."

"गणितात नसेल होत," नाना म्हणाले आणि निळ्याचा डबा उघडला.

तंबय्यांना हे सगळं अशास्त्रीय वाटत होतं. त्यांनी घरून डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर आणला, वही आणली, आणि निळे किती थेंब, काळे किती, पांढरं किती चमचे याची नोंद सुरू केली. वहीवर त्यांनी इस्पितळातल्यासारखं रुग्णाचं नाव लिहिलं होतं: मॉरिस. नाना त्या ड्रॉपरकडे आचाऱ्याने कोणी मीठ मोजताना पाहावं तसे पाहत. पण दर मंगळवारी तंबय्या येत, नानांच्या स्टुलावर बसत आणि सकाळचा पहिला साधा चहा गुळाच्या खड्याबरोबर घेत, त्यामुळे नानांना त्यांची सवय झाली.

वीरक्कोडींच्या पत्नी इरांगनीबाई हे सगळं ओट्याशी उभ्या राहून ऐकत. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, मिसना एकदा दारात, उन्हात उभं करून दाखवा ना. घरात पडदे ओढलेले असतात त्यांच्या."

"हे तांत्रिक काम आहे," वीरक्कोडी म्हणाले.

"बरं," इरांगनीबाई म्हणाल्या आणि खोबरं किसायला लागल्या. त्यांचं लग्न एकोणचाळीस वर्षांचं होतं. 'बरं' हा शब्द त्यात त्यांनी फार जपून वापरला होता.

याच सुमारास वीरक्कोडींना आपण कायद्याने वागतो आहोत की नाही अशी शंका आली. गाडीचा रंग बदलला तर नोंद करावी लागते. मग आतला बदलला तर?

"विचारायला जाऊ नका," इरांगनीबाई म्हणाल्या. "विचारलं की ते उत्तर देतात."

ते गेले. मोटारींच्या कचेरीत खिडकीमागे एक बाई होत्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या. त्यांनी अर्ज दिला. अर्जात 'रंग' अशी एकच ओळ होती. दुसऱ्या कोणी तिथे 'काळा' लिहिलं असतं आणि घरी जाऊन जेवला असता. वीरक्कोडींनी तेहतीस वर्षं सरकारी कागदावर खोटी रेघ ओढली नव्हती. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: 'बाहेरून काळा. आतला अद्याप निश्चित व्हायचा आहे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे गाडीचा रंग निश्चित नाही."

"आतला."

"आतला असा रकाना नाही. रंग निश्चित नाही, एवढंच माझ्यासमोर आहे." त्यांनी गाडीचं नोंदणीपुस्तक हळूच आपल्याकडे ओढून घेतलं. "निश्चित झाला की या. तोवर पुस्तक इथे सुरक्षित राहील."

"पण पुस्तकाशिवाय गाडी रस्त्यावर कशी आणू?"

"ते खरं आहे," बाई सहानुभूतीने म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी जेवताना ही हकिकत सांगितली. इरांगनीबाईंनी फक्त दह्याचं मडकं त्यांच्या बाजूला सरकवलं आणि वरून जरा जास्तच काकवी घातली, आणि हे वीरक्कोडींना टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

नवव्या झाकणाला मिस प्रसन्न झाल्या. "हाच. अगदी हाच. पप्पांची गाडी." त्यांनी झाकण छातीशी धरलं, रवा-काजूच्या लव्ह केकचा दुसरा तुकडा दिला, आणि वीरक्कोडींना इतका आनंद झाला की ते तो खिशात ठेवून चालत घरी आले. डिसेंबरात नानांनी प्रायमर मारला आणि वर रंगाचे तीन हात दिले. काम दृष्ट लागण्यासारखं झालं. वल्गमातले लोक येऊन पाहून गेले. सगळे म्हणाले, काम फार सफाईदार आहे. रंगाबद्दल कोणीच काही म्हणालं नाही, आणि ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नाही.

रंग ठरला म्हणून वीरक्कोडी कचेरीत गेले. आता अडचण रकान्याची होती. बाईंना पुस्तक द्यायचं होतं, खरंच द्यायचं होतं, पण 'निश्चित व्हायचा आहे' असं एकदा फायलीत आलेलं वाक्य निश्चित कुठे करायचं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी जाडजूड नोंदवही उघडून दाखवली. "बघा, जागाच नाही."

वीरक्कोडींनी पाहिलं. जागा होती. 'रंग' आणि 'शेरा' यांच्या मधली पट्टी उगाच रुंद आखलेली होती. ज्याने आखली त्याचा हात कच्चा होता. "मोजपट्टी आहे का?" त्यांनी विचारलं. बाईंनी पट्टी दिली. वीरक्कोडींनी खिशातलं पेन काढलं, श्वास रोखला आणि वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. मग डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं: 'आतला'. बाई पुढे झुकून ती रेघ पाहत राहिल्या. छापल्यासारखी होती.

"पुढचंही पान आखून द्याल?" त्यांनी विचारलं.

त्यांनी चाळीस पानं आखली. मधे बाईंनी स्वतःच्या डब्यातले तळलेले, कुरकुरीत कोकीस दिले. तीन वाजता ते नोंदणीपुस्तक घेऊन बाहेर पडले, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना आपण कुठल्या तरी कचेरीला उपयोगी पडलो असं वाटलं. बाईंचे त्यांनी दोनदा आभार मानले. त्या रकान्यात त्या दिवशी एकच नोंद होती: फिकट निळा.

आणि मग मिसचे डोळे उघडले.

झालं असं की मेलबर्नच्या भाचीने फोनवर हट्ट धरला, इतक्या लांब येण्याआधी डोळे तपासून घे. मिसचं म्हणणं होतं की त्यांचे डोळे उत्तम आहेत, फक्त अलीकडे वर्तमानपत्रं फार फिकी छापतात. डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून पिवळा झालेला. जानेवारीच्या सुरुवातीला एक डोळा केला.

पट्टी निघाली त्या दिवशी वीरक्कोडी मॉरिस घेऊन थेट मिसच्या फाटकाशी गेले. इरांगनीबाई मागे बसल्या होत्या. तंबय्या आणि नियास नाना तीनचाकीने आले, कारण असा क्षण चुकवायचा नव्हता. मिस काठी टेकत बाहेर आल्या. त्यांनी आधी वीरक्कोडींकडेच पाहिलं.

"सोमपाल, तू म्हातारा कधी झालास?"

"हळूहळू झालो, मिस."

"मला कोणी सांगितलं नाही." मग त्यांनी गाडीचं दार उघडलं, आत पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

"हा रंग कोणी ठरवला?"

वीरक्कोडी वर्गातल्यासारखे सावधान उभे राहिले. "तुम्ही, मिस."

"मी?"

"नऊ वेळा, बाईसाहेब," नाना मागून म्हणाले. त्यांना राहवलं नाही. तंबय्यांनी वही वर धरली.

मिसनी पुन्हा आत पाहिलं. "हा तर पोहण्याच्या तलावाचा तळ आहे," त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. त्या इतक्या हसल्या की इरांगनीबाईंनी धावत जाऊन त्यांचा नवा डोळा हाताने झाकला. पिवळ्या काचेतून पाहणाऱ्या माणसाला सगळंच पिवळं दिसतं, हे औषधाच्या खिडकीत तीस वर्षं काढलेल्या तंबय्यांनाही सुचलं नव्हतं. ते वहीत तोंड घालून उभे होते. वीरक्कोडी मात्र हसले नाहीत. रविवारला दहा दिवस उरले होते.

"राहू दे रे," मिस डोळे टिपत म्हणाल्या. "निळी तर निळी. तू केलंस हेच खूप."

हेच नेमकं वीरक्कोडींना नको होतं. 'हेच खूप' असं मिस ज्यांना नापास करायचं जिवावर येई त्या मुलांना म्हणत.

घरी ते पायरीवर बसले. इरांगनीबाई शेजारी येऊन बसल्या. "एक विचारू? तांत्रिक असेल."

त्यांनी हातानेच 'विचारा' म्हटलं.

"साडी विटली की तिचा मूळ रंग कुठे बघायचा? फॉलच्या आत, दुमडीत. तिथे ऊन लागत नाही, साबण लागत नाही. मी ब्लाउजपीस घ्यायला जाते तेव्हा फॉलचा टाका उसवून नेते. गाडीला काही दुमड असते का?"

वीरक्कोडींनी मान वर केली. असते. काचेच्या कडेने रबरी पट्टी बसवलेली असते, आणि ती पत्र्याच्या खोबणीत दुमडलेली असते. घासताना त्यांनी पट्ट्यांना हात लावला नव्हता, कारण त्या सुटतील अशी भीती वाटली होती. हाताचा हा भित्रेपणा त्यांच्याकडून झालेलं त्या शनिवारचं एकमेव शहाणं काम होतं.

"तुम्ही हे ऑगस्टमध्ये का नाही सांगितलंत?"

"ऑगस्टमध्ये ते तांत्रिक होतं."

नानांनी दुसऱ्या दिवशी मागच्या दाराची पट्टी एका टोकाकडून हळूहळू सोडवली. मेहुण्याचाच काय, त्याआधीच्या कोणाचाही ब्रश खोबणीपर्यंत पोहोचला नव्हता. खाली बोटभर रुंदीची, वीतभर लांबीची एक रेघ उघडी पडली. निळी नव्हती, करडीही नव्हती. बाहेर रस्त्यावर कवठं विकणाऱ्या बाईची टोपली होती; नानांनी त्यातलं एक कवठ उचलून रेघेजवळ धरलं. तोच तो कवचाचा भुरकट, किंचित पिवळट, मऊ रंग.

मिसना आणलं. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "हां."

या वेळी रंग कालवला गेला तो भर रस्त्यावर, सकाळी दहाच्या उन्हात, आणि निवाडा करायला खुर्ची टाकून बसल्या इरांगनीबाई. नाना झाकण दाखवत, त्या मान हलवत. "हा दुकानातल्या दिव्याखाली चालेल, बाहेर नाही." "हा जवळ आलाय, पण मनातून हिरवा आहे." नानांना असं बोलणारं माणूस चाळीस वर्षांत भेटलं नव्हतं, ते एकदम खुशीत आले. कवठवालीनेही मत दिलं. बसथांब्यावरचे दोघे तिघे मत द्यायला आले आणि त्यांची बस गेली. तंबय्यांनी ड्रॉपर आणलाच होता, शेवटचे दोन काळे थेंब त्यांच्याच हाताने पडले, आणि इरांगनीबाई म्हणाल्या, "थांबा. आता काही घालू नका."

नानांनी सगळी कामं बाजूला ठेवून निळा उतरवला आणि नवा रंग दिला. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "निळ्याचे घेतलेत ना, साहेब. हा माझ्यासाठी होता." कचेरीतल्या बाईंनी नव्या रकान्यात 'फिकट निळा' वर एक नाजूक रेघ ओढून 'कवठी' लिहिलं आणि काहीही अडवलं नाही. त्या आठवड्यात वीरक्कोडी रात्री अंथरुणावर पडले की ज्यांचे आभार मानायचे त्यांची यादी मनात करत, आणि ती संपायच्या आत झोपी जात.

रविवारी सकाळी मिस पांढऱ्या झग्यात, मोत्यांची माळ घालून पुढच्या सीटवर बसल्या. वीरक्कोडींनी दार लावलं आणि वाट पाहिली. समोर डॅशबोर्ड होता. बाहेरचं ऊन त्यावर पसरलं होतं. पाच महिने, डझनभर झाकणं, एक वही.

मिस खिडकीबाहेर पाहत होत्या.

"'म्हशीचं दही, घरपोच'," त्या म्हणाल्या.

"काय, मिस?"

"पाटीवर लिहिलंय. तिथे पाटी कधी लागली?" गाडी हलली. "'टायर आणि ट्यूब'. 'डॉ. रणवक, दात'. 'सरळ जा, लॉटरी'. सोमपाल, आपल्याकडची शहाळी अशी केशरी असतात हे मी विसरूनच गेले होते."

त्यांनी एकदाही डॅशबोर्डकडे पाहिलं नाही. नुपेची सगळी दुकानं त्यांनी वाचली, तिन्ही भाषांत. तारेवरचा कावळा दाखवला. समुद्र दिसला तेव्हा त्या म्हणाल्या, "किती निळा आहे."

वीरक्कोडींना आधी वाईट वाटलं. ते लपवायचं कारण नाही. एवढं केलं त्याकडे कोणी नजरही टाकू नये हे कोणाही माणसाला लागेल. पण कोटाच्या वेशीशी आल्यावर चर्चकडे वळण्याऐवजी त्यांचे हात आपोआप सरळ राहिले. गाडी पूल ओलांडून बाजारात शिरली, मेड्डवत्तेपर्यंत गेली आणि समुद्राच्या रस्त्याने परत आली. तोपर्यंत मिसनी निम्मं मातारा मोठ्याने वाचून काढलं होतं. चर्चमधली प्रार्थना त्यांच्यासाठी पाव तास थांबली होती. फाटकात पाद्रीबाबांनी विचारलं, "कसा जमलाय आतला रंग?"

"रंग?" मिस म्हणाल्या. "अरे हो. पाहायचाच राहिला. परत जाताना पाहीन."

परत जातानाही राहिलाच. मंगळवारी त्या मेलबर्नला गेल्या.

त्या रविवारी दुपारी जेवताना इरांगनीबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या रंगाबद्दल?"

"काही नाही. बाहेरच पाहत होत्या सगळा वेळ." वीरक्कोडींनी भात कालवला, पण घास उचलला नाही. मग त्यांनी एकोणचाळीस वर्षांत न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. ते चौथीत असताना त्यांना फळ्यावरचं दिसत नसे, आणि ते मठ्ठ आहेत असं सगळे समजत. घरचेही, ते स्वतःही. खरं कारण मिसच्या लक्षात आलं. एका शनिवारी मिसनी त्यांना याच गाडीतून गॉलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि येताना त्यांच्या नाकावर चष्मा होता.

"म्हणजे तुम्ही गाडी नवी असताना तिच्यात बसला होतात?" इरांगनीबाईंनी हात थांबवला. "मग पाच महिने त्या बिचाऱ्या मिसना कशाला छळलंत? तुम्हालाच आठवायला हवा होता रंग."

"कसा आठवणार?" वीरक्कोडी म्हणाले. "गॉलपासून इथवर मी पाट्या वाचत होतो."